सात नंबर वाढवू नये

पॉलिसी म्हटलं की आमच्याकडे माणसाला विमा आठवतो. मी नारायणगावच्या ऑफिसात सर्व्हरच्या पॉलिस्या बघते असं सांगितल्यावर माझ्या सासऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "मग हप्ता कधी भरायचा?" तेव्हापासून मी समजावायचं सोडून दिलं. तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या तीन जागा आहेत: नारायणगाव, कळंब आणि निमगाव सावा. प्रत्येक जागी एक सर्व्हर. खोल्यांमधला गारवा, हवा, दारं, सगळ्याच्या तारा त्याच्यात येतात. कशावर नजर ठेवायची आणि काय झालं की बोंब मारायची, हे ज्या नियमात लिहिलेलं असतं ती पॉलिसी. पॉलिसी चालू असली की सर्व्हर जागा. बंद असली की त्याच्या कानाशी कुणी ऊर बडवला तरी तो ऐकत नाही. चालू-बंद करायला बटण वगैरे नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, शेवटी इनेबल नाहीतर डिसेबल लिहायचं आणि एंटर मारायचं. मी हे नारायणगावात खुर्चीवर बसून करते आणि तिकडे कळंबला भोंगा गप्प होतो.

यातली एक पॉलिसी सगळ्या खोल्यांना असते. तिचं नाव 'आत माणूस'. प्रत्येक थंड खोलीत दाराशेजारी आतल्या बाजूला एक लाल बटण असतं. चुकून कुणी आत अडकलं तर ते दाबायचं. त्या जाड दारातून हाक बाहेर येत नाही, मोबाइलला रेंज मिळत नाही. आत अडकलेल्या माणसाला तेवढा एकच आवाज असतो, आणि तोही पॉलिसी चालू असली तरच.

हे सगळं सावळेरामभाऊंनी बसवलेलं. जुन्नरच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला आणि तीन जागांचे सर्व्हर एकहाती उभे केले. गेल्या भाद्रपदात निमगाव सावाला घरी झोपेतच गेले, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. माणूस देवमाणूस, पण चिठ्ठ्या लिहायची भारी हौस. पंख्यावर चिठ्ठी, चहाच्या डब्यावर चिठ्ठी, माउसच्या पोटाला चिठ्ठी. कळंबच्या सर्व्हरच्या कपाळावर पांढऱ्या पट्टीवर त्यांनी ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'सात नंबर वाढवू नये. — सा.'

पहिल्यांदा कळंबला गेले तेव्हा मी जुबेरला विचारलं होतं. जुबेर तिथला ऑपरेटर, मंचरचा, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. तो म्हणाला, "टेंपरेचरचं असंल ताई. सातमधी बेणं असतंय ना बटाट्याचं. लिमिट वाढवली की डोळे फुटत्यात."

मला पटलं. सातगाव पठारावर आषाढात लावायचं बेणं सात नंबरमध्ये तीन अंशावर ठेवलेलं असतं, आणि दिवसातून चार शेतकरी फोन करून लिमिट वाढवा नाहीतर कमी करा सांगत असतात. मी लिमिटला हात लावला नाही. सांगितलेलं ऐकणारी बाई आहे मी, फक्त नीट सांगायला पाहिजे.

वैशाखातल्या एका सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर लाल ओळ आली. कळंब. सात नंबर. आत माणूस.

मी फोन लावला. जुबेर धापा टाकत होता. भोंगा ऐकून तो धावला होता, दार उघडलं होतं. आत कुणी नव्हतं. पोत्यांच्या थप्प्या, गार अंधार, बास. "बटन कोनी दाबलं न्हाई ताई. दार महिनाभर उघडलंच नव्हतं, कडीवर धूळ व्हती."

"ओल शिरली असेल बटणात," मी म्हटलं.

मंगळवारी बारा दहाला पुन्हा तेच. बुधवारीही. गुरुवारी जुबेर आधीच दारापुढे जाऊन उभा राहिला होता. भोंगा वाजल्यावर त्याने लगेच दार उघडलं आणि बटणाकडे पाहिलं. बटणाचा लाल दिवा लागलेला होता, आणि तो दाबून धरल्याशिवाय लागत नाही. त्याच्या देखत तो गेला. जुबेरने मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. हमालांनी तर सातच्या बाजूने जायचंच सोडलं. भर बाराच्या वेळेला कुठे जाऊ नये, हे त्यांना कुणी नव्याने शिकवायला नको होतं.

मला राग आला. भुताखेतांचा नाही, ओल धरणाऱ्या बटणाचा. मॅनेजर आदेशचाही फोन आला, "रत्नाताई, ते बंद करा बुवा, माणसं काम सोडून पळताहेत." नवीन बटण पुण्याहून यायला आठवडा होता. मी एक ओळ टाइप केली. सात नंबर, आत माणूस, डिसेबल. एंटर. पडद्यावर उत्तर आलं: बंद. मी चहा प्यायला गेले. परत आले तर आईचे दोन मिसकॉल होते. जुन्नरला आईचं किराणा दुकान आहे, तिला नेमका कामाच्या वेळी फोन सुचतो. मी लावला तर म्हणाली, "गिऱ्हाईक हाय आता. दुकान वाढवलं की करते." मी बरं म्हटलं.

शुक्रवारी बारा दहाला भोंगा वाजला.

मी पडद्याकडे बघतच राहिले. पॉलिसी चालू होती. सर्व्हर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो, कुणी केली आणि कधी केली. मी नोंद उघडली. अकरा अठ्ठावन्न. सात नंबर चालू. करणारा: सावळेराम.

खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. मग स्वतःचाच राग आला. माणूस जाऊन आठ महिने झाले तरी त्याचं खातं मी काढलंच नव्हतं. म्हणजे कुणीही त्याचा पासवर्ड वापरून खोडसाळपणा करू शकतं. मी खातं काढून टाकलं आणि पॉलिसी पुन्हा बंद केली.

शनिवारी अकरा अठ्ठावन्नला ती चालू झाली. करणारा: १००७.

हे जरा समजून घ्या. सर्व्हरला नावं कळत नाहीत. तो प्रत्येक माणसाला एक नंबर देतो आणि नाव आपलं आपल्यासाठी वर चिकटवतो. माणूस काढला की नाव जातं, पण त्याने केलेल्या कामांवर नंबर तसाच राहतो. १००७ म्हणजे सावळेरामभाऊच. फक्त आता बिननावाचे.

त्या दिवशी मी जेवले नाही. शोधत बसले, आणि चारच्या सुमाराला सापडलं. त्यांचा एक बारकासा प्रोग्राम मागे चालू होता. किती तरी महिने तसाच. दिवसभर झोपायचा, अकरा अठ्ठावन्नला उठायचा, सात नंबर चालू आहे का बघायचा, नसला तर चालू करायचा आणि पुन्हा झोपायचा. मला हसूच आलं. खातं काढलं तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम थांबत नाही. त्याला मारावा लागतो. आमच्या धंद्यात असंच म्हणतात.

मी तो मारला. एरवी एंटर दाबल्याबरोबर उत्तर येतं. या वेळी पडदा काही क्षण तसाच राहिला, नुसती रेघ लुकलुकत होती. मग ओळ आली: थांबला. मी त्याची फाइलसुद्धा पुसली आणि सात नंबर तिसऱ्यांदा बंद केला.

त्यानंतर सगळं शांत. रविवार, सोमवार, मंगळवार. बारा दहाला मी पडद्याकडे बघायचे आणि काही यायचं नाही. हमाल पुन्हा सातच्या बाजूने फिरू लागले, आदेशने कौतुक केलं. मला मात्र काहीतरी केल्याची टोचणी होती, एखाद्याला बोलता बोलता गप्प केल्यावर लागते तशी.

नवीन बटण आठवड्याने आलं. पुढच्या शुक्रवारी मी ते घेऊन स्कूटरवर कळंबला गेले. वायरमन मिळत नव्हता आणि चार स्क्रूंचं तर काम, माझं मी करणार होते. जुबेर आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून निघण्याच्या तयारीत होता. जुम्म्याला मंचरला आणि तिथून जुन्नरला बहिणीकडे. "ताई, थांबू का?" त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, "पाच मिनिटांचं काम, जा तुम्ही." हमाल शेडमध्ये जेवायला बसले होते. जेवण झालं की सगळे टेंपोत बसून नारायणगावला माल भरायला जाणार होते. मग संध्याकाळी वॉचमन येईपर्यंत तिथे कुणी नाही, आणि वॉचमन गेट सोडत नाही.

सर्व्हरच्या खोलीत लॅपटॉप ठेवला. कपाळावरची ती पट्टी तशीच होती. सातचा दिवा लावला, दार अर्धं लोटून आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

बाहेर भागूतात्या आले असणार. साठीतले हमाल, उघडं दार दिसलं की लावणारच. गारवा जातो म्हणून आयुष्यभर दारं लावत आले. मला त्यांचं बडबडणं ऐकू आलं, "उघडंच टाकून गेलं बग जुबेर," आणि मी ओ देईपर्यंत दार धप्पकन बसलं. लगेच बाहेरून त्यांनी दिवाही घालवला.

मी दारावर हात मारले, हाका मारल्या. माझा आवाज त्या थर्मोकोलच्या भिंतींनी तिथल्या तिथे गिळला. आतून दार उघडायचा दांडा चाचपला. त्याची मूठ नव्हतीच, नुसतं भोक होतं. मोबाइल काढला. रेंज नाही. पडद्यावर वेळ दिसत होती.

बारा वाजून दहा मिनिटं.

मी लाल बटण दाबलं. त्याचा बारीक दिवा लागला. म्हणजे बटण ठीक होतं, पहिल्यापासूनच ठीक होतं. मी दाबून धरलं आणि भोंग्याची वाट पाहिली, आणि मग माझ्या लक्षात आलं की भोंगा वाजणार नाही. मीच बंद केला होता. एकदा नाही, तीनदा. जो माझ्यामागे तो चालू करत होता त्याला मी मारला होता.

तीन अंशाचा गारवा आधी नाकाला लागतो, मग बोटांना, मग दातांना. माझ्या अंगात उन्हाळ्याचा सुती ड्रेस होता. आणि तिथली हवा जड असते. पोत्यातला बटाटा जिवंत असतो, तो श्वास घेतो, तुमच्या वाट्याची हवा खातो. म्हणून सकाळ-संध्याकाळ पंखा लावून हवा बदलतात. सकाळचा पंखा होऊन गेला होता. मोबाइलची बॅटरी नऊ टक्के होती, ती पुरावी म्हणून मी पडद्याचा उजेडही घालवला. मला घरचं आठवलं. माझी सात वर्षांची श्रेया शाळेतून तीनला येते, दाराशी मी नसले की पायरीवर बसते. आणि आई दुकान वाढवलं की फोन करेल, तो लागणार नाही.

दुकान वाढवलं की.

मी अंधारात थिजून उभी राहिले. आमच्याकडे दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवा विझव म्हटलं की आई तोंडावर मारायची. जे चालू राहावं असं वाटतं त्याला बंद हा शब्दच लावायचा नाही. सात नंबर वाढवू नये. भाऊंनी लिमिटचं नव्हतं लिहिलं. सात नंबर बंद करू नका, असं लिहिलं होतं, आणि मला मराठी येत असूनही मी वाचलं नव्हतं.

मी रडले. मला लाज वाटत नाही सांगायला. बटणावरचं बोट बधिर झालं होतं, तरी मी दाबत होते. मी मोठ्याने म्हटलं, "सावळेरामभाऊ, चुकलं माझं. तुमचं ऐकलं नाही. एकवार जागं करा त्याला." कोल्ड स्टोरेजमध्ये उभं राहून मेलेल्या माणसाची मनधरणी करणारी बाई, एरवी मीच हसले असते.

मग बोटाला काहीच कळेनासं झालं, म्हणून मी हात काढून काखेत धरला.

बटणाचा दिवा गेला. आणि पुन्हा लागला.

माझे दोन्ही हात काखेत होते. बटण माझ्यासमोर वीतभर अंतरावर आत दबलेलं होतं, कुणीतरी अंगठा ठेवून धरावं तसं. त्या लाल उजेडात पोती दिसत होती, माझा श्वास दिसत होता. बटणापाशी दुसरा श्वास दिसला का, हे मला जुबेरने नंतर विचारलं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

दार उघडलं तेव्हा भागूतात्यांच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती. "आरं देवा! पोरी, तू आत व्हतीस? म्या लावलं गं दार, ह्या हातानी लावलं!" त्यांनी मला उन्हात आणून बसवलं, अंगावर बारदान टाकलं. पाठीमागे टेंपो चालू होऊन उभा होता. आणखी दोन मिनिटं उशिरा भोंगा वाजला असता तर तो ऐकायला तिथे कुणी नसतं.

अंगात ऊब आल्यावर मी लॅपटॉप उघडला. बारा एकतीस. सात नंबर चालू. करणारा: १००७. मागे कुठला प्रोग्राम चालू आहे का, मी दोनदा पाहिलं. नव्हता. मी पुसलेली फाइलही नव्हती. त्या वेळी त्या सर्व्हरवर माझ्याशिवाय कुणाचंही लॉगिन नव्हतं, आणि मी सात नंबरमध्ये होते.

दोन दिवसांनी निमगाव सावाला गेले. भाऊंच्या पत्नी झुंबरबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही हात थांबवला नाही. शेवटी म्हणाल्या, "ह्या वैशाखात चार वर्सं झाली. ह्यांनी कायतरी दुरुस्तीला म्हनून ते सातचं वाढवलं, अन् सोताच आत गेले. कुनीतरी दार लावलं. भर दुपारची येळ, बाराच्या पुढं. अर्धा तास बटन दाबीत व्हते, वाजतंय कुटं? एक गडी चुकून पोतं न्यायला आला म्हनून निगाले. कुनाला बोलले न्हाईत, निस्तं मला सांगितलं."

"मला का नाही सांगून ठेवलं?"

"लिवून ठिवलंय म्हनले व्हते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नशिबानं वाचलो म्हनायचे. म्होरल्याला नशिबावर न्हाई सोडायचं."

निघताना त्यांनी हातावर लसणाची गड्डी ठेवली. मी गेटपाशी पोचले तेव्हा मागून म्हणाल्या, "दुपारी डोळा लागला की हे अजून ते बटन दाबीत्यात, असं सपान पडायचं मला. परवापास्नं न्हाई पडलं."

सोमवारी मी ऑफिसात पहिलं काम ते केलं. नवीन खातं उघडलं आणि सर्व्हरला सांगितलं की याला नंबर तोच द्यायचा, १००७. नाव: सावळेराम. मग जुनी नोंद पुन्हा उघडली. जिथे जिथे नुसता नंबर होता तिथे नाव परत आलं होतं. शेवटच्या ओळीतसुद्धा. बारा एकतीस, सात नंबर चालू, सावळेराम.

सातच्या दांड्याला नवी मूठ बसली. पट्टी मी काढली नाही. फक्त तिच्याखाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'म्हणजे बंद करू नये.' बारा दहाला तिकडून आता काही येत नाही.

परवा तपासणीला आदेश माझ्या शेजारी बसला होता. यादी बघताना त्याचं बोट एका नावावर थांबलं. "ताई, हे खातं कुणाचं? हा माणूस कामावर आहे का?"

"आहेत," मी म्हटलं. "कळंबला, सात नंबरला."